ती विहीर मी दिली नव्हती

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या महिला दूध संस्थेच्या चेअरमन सत्यभामाबाई. बीडहून वाट वाकडी करून आलेले प्रमुख पाहुणे, गावातल्या दोन पिढ्यांना अक्षर शिकवणारे आदरणीय विठ्ठलराव गुरुजी. व्यासपीठावरच्या सर्व संचालक भगिनी. संस्थेचे सचिव उत्तरेश्वर. समोर सतरंजीवर बसलेल्या लेकी-सुना, मागे खुर्च्यांवर बसलेली मंडळी आणि जागा नाही म्हणून दारात उभे राहिलेले माझे गावकरी, आपणा सर्वांना या रामकिसनचा नमस्कार.

संस्थेला आज छत्तीस वर्षं झाली. दूध संकलनाच्या या नव्या हॉलला तुम्ही माझ्या पत्नीचं, कैलासवासी साखराबाईंचं नाव दिलं. बाहेर पाटीवर ते नाव रंगवलेलं मी सकाळी येऊन एकदा वाचलं, मग चहा पिऊन आलो आणि पुन्हा वाचलं. नवऱ्याने बायकोचा अभिमान असा उघड सांगू नये अशी आपल्याकडे रीत आहे. माझं वय पंचाहत्तर आहे, आता कुठवर रीत पाळायची? मला तिचा अभिमान वाटतो, फार वाटतो.

आता सूत्रसंचालन करणाऱ्या आपल्या मुलीने माझी ओळख करून दिली. ती म्हणाली, "ज्यांनी दोन हजार तेराच्या दुष्काळात स्वतःची मोसंबीची बाग वाळू दिली आणि विहीर गावच्या जनावरांना दिली, ते आपले रामकिसन आण्णा." तुम्ही टाळ्या वाजवल्या. पोरीचा काही दोष नाही, तिने स्मरणिकेत छापलेलं वाचलं. पण मंडळी, ती विहीर मी दिली नव्हती. ती देता येऊ नये म्हणून मला जे जे करता आलं ते सगळं मी केलं होतं. आज या माइकसमोर मी उभा राहिलो आहे तो एवढ्याचसाठी. उत्तरेश्वर, घड्याळ दाखवू नको, मला वेळ लागणार आहे.

साखराबाई आमच्या घरात आल्या तेव्हा बाहत्तरचा दुष्काळ सुरू होता. हळदीचे हात घेऊन ती पाझर तलावाच्या कामावर गेली. मी खडी फोडायचो, ती पाट्या वाहायची. कामावर मजुरांना खायला सुकडी मिळायची, ते गोडसर सरकारी पीठ. तिच्या वाट्याची सुकडी ती निम्मी खायची आणि निम्मी पदराला बांधून सासूसाठी आणायची. माझी आई कुणाला चांगलं म्हणणाऱ्यातली नव्हती. पण ती शेवटपर्यंत म्हणायची, "सुनंनं मला सुकडीवर जगिवलं." हे मी तुम्हाला का सांगतो? कारण त्या वेळी ती बोलत नव्हती. सबंध दिवसात तिच्या तोंडून चार वाक्यं निघत नसत, आणि पुढे हेच तिच्या चेअरमनपदाचं कारण झालं.

अठ्ठ्याऐंशी साली दूध संस्था काढायची ठरली तेव्हा तालुक्याला कळलं की बायकांची संस्था असेल तर मंजुरी लवकर मिळते. आम्ही पुरुषमंडळी पारावर बसलो आणि एका बैठकीत अकरा संचालक बायका नेमून टाकल्या. त्या अकरा जणींना दुसऱ्या दिवशी कळवलं. चेअरमन कोण? सगळे म्हणाले, रामकिसनची बायको करा, ती काही बोलत नाही. नाव बायकांचं आणि कारभार आपला, असा सरळ हिशोब होता. गुरुजी हसतात, कारण त्या पारावर गुरुजीही होते.

तिला सही मी शिकवली. पाटीवर आठ दिवस गिरवून घेतली. मग मी कागद घरी न्यायचो, चुलीपाशी ठेवायचो, ती हात पुसून सही करायची. एके दिवशी तिने हात पुसला आणि पेन घेतलंच नाही. "यात काय लिवलंय?" म्हणाली. मी म्हणालो, "तुला काय करायचंय? सही कर." ती म्हणाली, "वाचून दावा, मग करते." मळलेलं पीठ वाळायला लागलं, पण मला तीन पानं वाचून दाखवावी लागली. पुढे कागद वाचून दाखवायचा मलाच कंटाळा आला, म्हणून मी तिला वाचायला शिकवलं. माझ्या हातून आयुष्यात जी मोठी कामं झाली त्यातलं हे एक, आणि तेही आळसापोटी.

सुरुवातीच्या सभांना खुर्चीत मी बसायचो आणि चेअरमन बाई खाली बायकांत बसायच्या. एकदा बीडची गाडी चुकली आणि मला यायला उशीर झाला. येऊन बघतो तर खुर्चीत ती, आणि सभा निम्मी झालेली. मी खुर्चीपाशी जाऊन उभा राहिलो, म्हटलं आता उठेल. ती म्हणाली, "आवो, बसा की. सतरंजी लई मोठी हाय." बायका पदरात तोंड घालून हसल्या. त्या दिवसापासून मी सभेला गेलो नाही. संस्था सुधारली ती त्या दिवसापासून, असं आपल्या संचालक छबुबाई मला तोंडावर सांगतात.

तिचा कारभार कसा होता ते माझ्या मुलाला, भारतला विचारा. तो तिकडे खाली मान घालून बसला आहे. एकदा त्याने रात्रीचं उरलेलं दूध सकाळच्या दुधात मिसळून आणलं. आईच चेअरमन, कोण विचारतो? तिने वास घेतला आणि रांगेतल्या साठ बायकांसमोर कॅन परत पाठवला. घरी गेल्यावर त्याला जवळ बसवून जेवायला वाढलं, शेवटची भाकरी स्वतःची दिली, आणि कॅनचा विषय पुन्हा काढला नाही. माझी नात आज परभणीला जनावरांची डॉक्टर व्हायला शिकते. पाच वर्षांची असताना आजीच्या मांडीवर बसून ती दुधाचं फॅट मोजायच्या नळीवरचा आकडा वाचायची. शाळेत जायच्या आधी पोरीला अंक यायचे, ते आजीमुळे.

आता विहिरीकडे येतो. मी टाळत होतो हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

दोन हजार एक साली मी तीन एकरांत मोसंबी लावली, तीनशे वीस झाडं. त्याच सुमाराला विहिरीसाठी सरकारी योजना आली. ती अल्पभूधारकाला मिळायची, आणि माझ्या नावावर जमीन जास्त होती. मग आपण सगळे करतो तेच मी केलं. विहीर जिथे घ्यायची ते दोन एकर बायकोच्या नावावर करून दिले. जमीन माझी, विहीर माझी, फक्त सातबाऱ्यावर तिचं नाव. कागदापुरतं. चेअरमन केलं तेही कागदापुरतंच होतं. एकदा फसल्यावर माणूस शहाणा व्हायला हवा होता. पण बायकोच्या बाबतीत आपल्याकडचे पुरुष एवढ्यावर शहाणे होत नाहीत.

बाग बारा वर्षांची झाली. आंब्या बहाराला झाडं फुलली की लिंबागणेशच्या रस्त्यावरून जाणारा माणूस गाडी थांबवून बघायचा. मी झाडांना मुलांसारखी नावं दिली नव्हती इतकंच, बाकी सगळे लाड केले. आणि मग तेराचं साल उजाडलं. फाल्गुनातच गावातल्या विहिरी कोरड्या पडल्या. माझ्या विहिरीत मात्र थोडं पाणी टिकलं. मोटर रोज पाऊण तास चालायची आणि मग हवा ओढायची. तेवढ्या पाण्यात बाग जगली असती. किंवा संस्थेच्या सभासद बायकांची एकशे चाळीस जनावरं. दोन्ही नाही.

सरकारचा टँकर माणसांना प्यायला पुरत नव्हता. जनावरांची छावणी पंधरा किलोमीटर लांब, आणि तिथे जनावराबरोबर घरातलं एक माणूस राहायला हवं. जिच्या घरी तान्हं लेकरू आहे तिने काय करायचं? नेकनूरच्या बाजारात त्या दिवसांत दुभत्या गाई कशा मातीमोल जात होत्या ते तुम्ही पाहिलं आहे. आपल्या गावच्या अकरा गाई एका आठवड्यात गेल्या. गाय टेम्पोत चढवताना सत्यभामाबाई, तुमच्या जाऊबाई दोराला धरून बसल्या होत्या, सोडत नव्हत्या. साखराबाई तिथून घरी आली, जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. गुढी उभारून झाली आणि ती मला म्हणाली, "हिरीचं पाणी जनावरांला द्यायचं मी ठरिवलंय."

मी म्हणालो, "कुणाच्या विहिरीचं?"

ती म्हणाली, "माज्या."

मंडळी, चाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी फार वाईट बोललो. काय बोललो ते या हॉलमध्ये सांगणार नाही. मग मी उठलो, शेतात गेलो आणि मोटरच्या पेटीला कुलूप घातलं. संध्याकाळी ती उत्तरेश्वरला आणि दोन बायकांना घेऊन आली. हातात सातबारा होता. दगडाने कुलूप तोडलं, आणि पहिलं पाणी जनावरांच्या हौदात पडलं.

आता माझा पराक्रम ऐका. मी बायकोवर अविश्वास ठराव आणला.

गुरुजी, आपण पुष्कळ राजकारण पाहिलं आहे. स्वतःच्या बायकोविरुद्ध सह्या गोळा करत फिरलेला नवरा पाहिला आहे का? ठरावाला चार संचालकांच्या सह्या पाहिजे होत्या. मी बायकांकडे गेलोच नाही. मी त्यांच्या नवऱ्यांकडे गेलो. "आज माझी विहीर गेली, उद्या तुमची जाईल," असं सांगितलं. कुणाला पटलं, कुणी भिडेखातर हो म्हणालं, आणि दोन दिवसांत चार सह्या माझ्या हातात आल्या. माझा बेत असा होता की ही चेअरमनपदावरून खाली आली म्हणजे बायका गप्प बसतील, हौद बंद होईल, आणि बाग वाचेल. दहा दिवसांत सभा लागली. त्या दहा दिवसांत ठिबकच्या नळीला एक थेंब आला नाही. झाडांची पानं वळायला लागली होती आणि मी एकेक दिवस मोजत होतो.

सभा जुन्या खोलीत होती. तालुक्याहून निबंधक कार्यालयाचे साहेब आले. मी सभासद नाही, त्यामुळे मला आत जागा नव्हती. आम्ही पाच-सहा नवरे बाहेर खिडकीपाशी उभे राहिलो. चैत्राचं ऊन होतं. साहेबांनी ठराव वाचला आणि विचारलं, "ठरावाच्या बाजूने कोण आहे? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

साहेबांनी कागद बघितला. छबुबाईंना म्हणाले, "बाई, तुमची तर सही आहे यावर." छबुबाई उठल्या. त्या इथे बसल्या आहेत, मी चुकलो तर सांगतील. त्या म्हणाल्या, "सही मालकानं करायला लावली, साहेब. ते घरात झालं. हात वर करायला कोन लावतंय? हात माजा हाय. मी न्हाई करत." छबुबाईंचे मालक माझ्या शेजारीच उभे होते. ते चप्पल शोधायला लागले.

मग साहेबांनी चेअरमन बाईंना विचारलं, तुम्हाला काही म्हणायचं आहे का? मला वाटलं आता ही माझे वाभाडे काढणार, आणि काढले असते तरी तिचा हक्कच होता. ती उठली आणि म्हणाली, "आमचं मालक भाईर खिडकीपाशी हायत. त्यानला आत घ्या अन् पानी द्या. ऊन लई हाय, अन् त्यानला चक्कर येती."

मी आत गेलो नाही. तिथून निघालो आणि बागेत जाऊन बसलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला तिचा जेवढा राग आला तेवढा कधीच आला नव्हता. आज तेच वाक्य आठवलं की माझी छाती भरून येते.

हौद तीन महिने चालला. पाडव्यानंतर गावातलं एकही जनावर नेकनूरच्या बाजारात गेलं नाही. पहाटे पाचला ती हौदावर असायची. घरटी पाळी तिने लावली होती, आणि आमच्या घरची दोन जनावरं शेवटच्या पाळीला होती. बाग ज्येष्ठापर्यंत गेली. मी तिच्याशी बोलत नव्हतो. भाकरी पाहिजे असली तर भारतला सांगायचो, "तुझ्या आईला म्हणावं वाढ." ती समोर दोन हातांवर बसलेली असायची.

पाऊस झाल्यावर एक पत्रकार आला. गावची सगळी जनावरं जगली हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. विहिरीवर गर्दी जमली. त्याने विचारलं, विहीर कुणाची? उत्तरेश्वर सरळ माणूस. मी समोर उभा होतो, म्हणून माझा मान ठेवायला म्हणाला, "रामकिसन आण्णांची." पत्रकाराने मला कठड्यावर हात ठेवायला सांगितलं आणि फोटो काढला. साखराबाई तिथून दहा पावलांवर हौद घासत होती. मंडळी, मला बोलायला वेळ होता. भरपूर वेळ होता. मी कठड्यावर हात ठेवून उभा राहिलो.

बातमी आली, बाग वाळवून गाव जगवणारा शेतकरी. तिने पेपर हातात घेतला, बोट ठेवून सगळं वाचलं, आणि म्हणाली, "फोटू चांगला आलाय." बस, एवढंच. स्वातंत्र्यदिनाला तहसीलमध्ये माझा सत्कार झाला. मग बीडला झाला, मग परळीला. घरात सात शाली आहेत. विहिरीवर माझ्या नावाचा दगड बसला. पहिल्या सत्काराला लाज वाटली होती. तिसऱ्यापासून मी भाषणं करायला लागलो. आणि खोटं अकरा वर्षं सांगितलं की माणसाला ते खरंच घडल्यासारखं आठवू लागतं, तसं मलाही ते आठवू लागलं होतं.

त्याच वर्षी पौषात वाळलेली झाडं तोडायला घेतली. तोडणारे कुऱ्हाड चालवत होते आणि मी बांधावर बसून रडत होतो. ती येऊन शेजारी बसली. मी म्हणालो, "तुला काय त्याचं? माझी बाग गेली." भारतच्या मध्यस्थीशिवाय आठ-नऊ महिन्यांत तिच्याशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य. तिने झाडांच्या ओळीकडे बोट केलं. मग म्हणाली, "तीनशे ईस खड्ड्यांतलं निम्मं म्या खांदलेत. तवा भारतची बायकू पोटुशी व्हती, घरचं करून मी भर उन्हात खांदायला यायची. तुमची एकल्याची बाग व्हती का?" आणि ती रडली. मी तिला तिच्या आईच्या मयतीलासुद्धा एवढं रडताना पाहिलं नव्हतं. मला बारा वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं की ही बाग तिचीही आहे. तिने पाणी सोडलं तेव्हा स्वतःची बाग सोडली होती, आणि त्याबद्दल नवऱ्याच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. त्या दिवसापासून आम्ही पुन्हा बोलायला लागलो. खरं म्हणजे त्या दिवसापासून मी ऐकायला लागलो. पण शाली घेणं काही थांबवलं नाही, हेही तुम्हाला कळलं पाहिजे.

गेल्या माघात ती अंबाजोगाईला दवाखान्यात होती. दुपारची वेळ, मी एकटाच जवळ होतो. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "साखरा, विहिरीचं मी खोटं सांगत आलो. माझं चुकलं. मला माफ कर." तिने डोळे उघडले. दम लागत होता, तरी आवाज चेअरमनचाच होता. म्हणाली, "मला कावून सांगता? मला ठावं हाय की. सभेत सांगा."

त्यानंतर चौथ्या दिवशी ती गेली.

तेव्हापासून मी सभेची वाट बघत होतो. आज सभा भरली आहे, सभासद हजर आहेत, अध्यक्ष खुर्चीत आहेत. मी सांगितलं.

आपण मला बोलायला उभं केलंत, एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, संस्थेने तिच्या नावाची पाटी लावली, याबद्दल मी आणि माझं सगळं घर आपले ऋणी आहोत. गुरुजी, आपण आलात, फार बरं वाटलं. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, कुठे शब्द कमीजास्त गेला असेल, तर म्हाताऱ्याचं समजून पोटात घाला. पण विहिरीची गोष्ट कृपा करून पोटात घालू नका. उत्तरेश्वर, प्रोसिडिंगचं बुक उघड आणि लिहून घे. मी सभासद नाही, तरीसुद्धा खाली माझी सही घे. लिही: दोन हजार तेरा साली गावच्या जनावरांसाठी विहीर साखराबाईंनी दिली. नवऱ्याचा विरोध होता.